मशीन साफ दाखवते

पांढुर्णा
११ एप्रिल १९८८

प्रिय मंगलाताई,

पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळे ठणठणीत आहेत. मीच तेवढा मरून राहिलो, अन् तेही अभ्यासानं. शेवटलं वर्ष आहे, यंदा डिप्लोमा हातात आला नाही तर बाबा मला दुकानात कापड फाडायला बसवतील.

तर बातमी अशी की आमच्या टेक्निकलचं परीक्षेचं सेंटर या वर्षी तुमच्या सौंसरला दिलं आहे, अन् तेही भाऊजींच्याच शाळेत! कॅल्क्युलेटर तपासायला दारात भाऊजीच उभे राहणार, असं ऐकलं. मतलब घरचाच साहेब. पेपरच्या दिवशी जेवायला तुझ्याकडे येईन, वांग्याची भाजी करून ठेव.

अनिलदादानं मस्कतहून आणलेलं ते ग्राफवालं मशीन तुला आठवते ना? पडद्यावर रेघा काढते ते. त्यात गणिताच्या पायऱ्या लिहून ठेवता येतात, अन् मशीन बंद केलं तरी ते काही विसरत नाही. म्हणूनच बोर्डानं नियम काढला की वर्गात जायच्या आधी सरांसमोर आतलं सगळं पुसायचं. सगळ्या टेक्निकलमध्ये असं मशीन दोन-तीन पोट्ट्यांकडेच आहे, त्यामुळे कोणाला काही धड माहीत नाही. भाऊजी नेमकं काय पाहतात, जरा विचारून कळव. नाहीतर दारातच माझी फजिती व्हायची.

मशीन मी अन् तिगावचा गुणवंता मिळून वापरून राहिलो. मी सिव्हिलचा, तो मेकॅनिकलचा, आमचे पेपर वेगवेगळ्या दिवशी. तू त्याला पाहिलं आहे, तुझ्या लग्नात पंगतीत वाढायला होता तो उंच पोट्टा.

तुझा,
मुकुंदा


सौंसर
१५ एप्रिल १९८८

मुकुंदा,

तुझं पत्र वाचून हसू आलं. चार महिन्यांत एक ओळ नाही अन् आता परीक्षा आली तर ताई आठवली! असो. वांग्याची भाजी होईल. गुणवंतालाही त्याच्या पेपरच्या दिवशी पाठव, सकाळच्या बसनं उपाशी येत असेल बिचारा.

यांना विचारलं. हे स्वतःच परेशान आहेत. वरून कागद आला आहे की मशीनच्या पाठीमागे एक बारीक भोक असते, त्यात सरांनी पिन टोचायची म्हणजे आतलं सगळं जाते. पण यांचा जीव धजत नाही. म्हणतात, "कोणाच्या बापानं कुठून कुठून आणलं असेल, आपण त्यात पिन खुपसायची अन् मशीनच मेलं तर? पोट्टा पेपर कसा देईल?" तुला यांचा स्वभाव माहीत आहे, दुसऱ्याच्या सायकलची घंटीही वाजवणार नाहीत.

म्हणून यांनी आपलं ठरवलं आहे की मुलानंच समोर बटणं दाबायची. पडद्यावर मेमरी क्लिअर असं आलं की हे चिठ्ठीवर सही करतील अन् आत सोडतील. एवढंच. उगाच घाबरू नको.

अभ्यास कर. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
मंगलाताई


पांढुर्णा
२९ एप्रिल १९८८

ताई,

काल तुझ्याकडे जेवून निघालो तर बसमध्ये अशी झोप लागली की कंडक्टरनं पांढुर्ण्याला हलवून उठवलं. भाजीत नशा टाकली होती काय?

पेपर एक नंबर गेला. भाऊजींनी मला ओळखच दाखवली नाही! चष्मा नाकावर घेऊन मशीनचा पडदा असा वाचला की जसा कोर्टाचा कागद आहे. मग सही केली अन् म्हणाले, "जा." मला हसू दाबणं जड गेलं.

आता सोमवारी गुणवंताचा पेपर आहे, माझा दुसरा पेपर बुधवारी. मशीन त्याच्याकडे दिलं. त्याला सगळं समजावून सांगितलं, दारात कोणती बटणं दाबायची तेही. तो सोमवारी जेवायला येईल, पण तुला लाजते. तूच बोलाव.

मुकुंदा


सौंसर
३ मे १९८८

मुकुंदा,

तुझा हा दोस्त आहे तरी कसा? इथे काय झालं ते तुला कळलंच असेल. तरी लिहिते, माझं मन थाऱ्यावर नाही.

काल पेपर सुरू झाल्यावर बोर्डाची फिरती तुकडी आली. त्यात एक तरुण साहेब होते, त्यांच्याकडे तसंच मशीन होतं म्हणे. त्यांनी गुणवंताचं मशीन हातात घेतलं, दोन-चार बटणं दाबली, अन् आत सूत्रंच सूत्रं! पानभर पायऱ्या लिहिलेल्या. अन् वरून कहर म्हणजे, मेमरी क्लिअर हे जे अक्षर यांना दारात दिसलं ते मशीनचं नव्हतंच. तेही आत लिहून ठेवलेलं होतं. बटण दाबलं की ते पडद्यावर येते अन् पुसलं काहीच जात नाही. काय डोकं आहे लोकांचं!

साहेबांनी विचारलं, "मशीन कोणाचं?" तर म्हणाला, "माझंच." विचारलं, "हे कोणी लिहिलं?" तर गप्प. पेपर काढून घेतला, पंचनामा झाला, मशीन लाखेचं सील लावून नेलं.

अन् हे! चिठ्ठीवर यांची सही. पिन टोचायची असताना टोचली नाही म्हणून यांना नोटीस मिळाली आहे. घरी आल्यापासून हे एका जागी बसून आहेत. पोट्ट्यानं सकाळी माझ्या हातची पोळी खाल्ली, ताई ताई म्हणाला, अन् दोन तासांनी माझ्याच नवऱ्याला खड्ड्यात टाकलं. अशा दोस्ताची सावली घरात पडू देऊ नको.

तुझ्या मशीनचं काय करायचं? ते तुझं आहे असं मी बोलले नाही.

मंगलाताई


पांढुर्णा
७ मे १९८८

ताई,

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक.

ते सगळं मी लिहिलेलं आहे. सूत्रंही माझी अन् मेमरी क्लिअरही माझंच. तू कळवलं ना की भाऊजी फक्त पडदा वाचतात, तेव्हाच डोक्यात आलं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात मी दोनदा उडालो होतो ताई, मला भीती वाटून राहिली होती.

गुणवंताला यातलं काही माहीत नव्हतं. खरंच साफ केलं असतं तर माझ्या बुधवारच्या पेपरचं सगळं गेलं असतं. म्हणून मी त्याला म्हणालो, हे बटण दाब, मग हे, असं केलं की मशीन साफ होते. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला. त्याला वाटलं आपण खरंच साफ केलं. स्ट्रेंथ दोघांनाही आहे, म्हणून साहेबांना शंका आली नाही.

मला जेवण जाऊन नाही राहिलं. त्याला तीन वर्षं परीक्षेला बसू देणार नाहीत असं म्हणून राहिले. मी सोमवारी प्रिन्सिपल साहेबांकडे जाऊन सांगतो. जे होईल ते होवो.

मुकुंदा


सौंसर
१० मे १९८८

मुकुंदा,

तुझ्या थोबाडीत द्यावी असं वाटून राहिलं. पण आधी माझं ऐक. कोणाकडे जाऊ नको. गेला असशील तर शब्द फिरव.

तू सांगितलं तर काय होईल, विचार केला? तुझ्याही चिठ्ठीवर यांचीच सही आहे. तू यांचा साळा. लोक म्हणतील, साळ्याला कॉपी करायला घरूनच सांगून ठेवलं. अन् खरं सांगू? सांगितलं तर मीच होतं ना! ते पत्र मीच लिहिलं. नोकरी जाईल यांची. या माणसानं इतक्या वर्षांच्या नोकरीत खडूचा तुकडाही घरी आणला नाही रे.

गुणवंताचं वाईट वाटते, का वाटणार नाही? मी त्याला काय काय बोलले! पण त्याच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे, बाप धडधाकट आहे, पोट्टा मेहनती आहे. तीन वर्षांनी पुन्हा बसेल. आपलं मोडलं तर उभं राहणार नाही. तू त्याला जपून वागव, पुस्तकं दे, जे लागेल ते कर. तोंड मात्र उघडू नको. यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझ्या पाया पडते.

ताई


पांढुर्णा
२ जुलै १९८८

ताई,

गुणवंता गेला. तिगाव स्टेशनच्या पुढे, रुळावर. मी स्मशानात जाऊन आलो. जास्त लिहिता येत नाही.

मागच्या महिन्यात तो मला बसस्टँडवर भेटला होता. तीन वर्षांच्या बंदीचा कागद त्याच दिवशी हातात आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुकुंदा, एकच सांग. ते बटण तू सांगितलं होतं. तुले ठाऊक होतं का?" मी म्हणालो, "नाही बे. मलाही कोणीतरी तसंच सांगितलं होतं." तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मग ठीक हाय." अन् मला उसाचा रस पाजला ताई. बर्फ टाकून.

त्यानं घरी एवढंच सांगितलं होतं म्हणे, की बाबा, मी माझ्या हातानं साफ केलं होतं. गावात कोणी मानलं नाही. कॉपीवाला म्हणून पोट्टे हाका मारत.

मी पास झालो. निकाल परवा लागला.

मुकुंदा


तिगाव
२५ ऑगस्ट १९८८

चिरंजीव मुकुंदा यास भैय्याजीचा आशीर्वाद.

मी गुणवंताचा बाप. माझं लिहिणं चौथीपुरतं हाय, सांभाळून घेजो. एक मोठी गोष्ट झाली म्हणून लिहून राहिलो.

बोर्डातून मशीन परत आलं. लाखेचं सील होतं, ते मी तोडलं. मशीन तुहं हाय, मले ठाऊक हाय. तुले द्याचंच हाय. पण त्याआधी आयक.

पेपराच्या आदल्या दिवशी गुणवंतानं मले अन् त्याच्या मायले हे मशीन दाखवलं होतं. म्हणे, बाबा, उद्या सरांच्या समोर असं साफ करा लागते. हे बटण, मग हे. दाबलं की दोन इंग्रजी शब्द येतात, ते आले की समजाचं साफ झालं. त्याची माय प्रेमलता, तिनंबी दाबून पाह्यलं होतं. आमाले मोठी मजा वाटली होती.

तर मशीन आल्यावर मी तेच बटण दाबलं. बाप्पा, तेच दोन शब्द आले! मले इंग्रजी वाचता येत नाही पण अक्षर याद हाय. मशीन साफ दाखवते मुकुंदा! अजूनबी साफ दाखवते! माह्या पोरानं खोटं केलं नाही. सायबाची काहीतरी गलती झाली. आता मी मशीन घेऊन भोपाळले बोर्डात जातो अन् सगळ्याइच्या समोर बटण दाबून दाखवतो. त्याचं नाव धुवून निघालं पाह्यजे. बाकी मले काही नको.

मले बोलता येणार नाही, तू संग चाल. तू त्याचा दोस्त, शिकलेला. पोळ्याच्या आधी ये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार हाय, नदीवर दगडं चालतात, मंग बस भेटत नाही.

भैय्याजी


सौंसर
३१ ऑगस्ट १९८८

मुकुंदा,

तू पाठवलेलं भैय्याजींचं पत्र वाचलं.

ते भोपाळला गेले अन् तेच बटण दाबलं, तर साहेब त्यांच्या तोंडावर हसतील. म्हणतील, बाबा, हीच तर तुझ्या पोराची चोरी. त्या माणसानं ते ऐकायचं, तेही भर ऑफिसात? अन् मग मशीन कोणाचं, कोणी लिहिलं, सगळं पुन्हा उकरून निघेल. यांची चौकशी आत्ता कुठे ताकीद देऊन मिटली आहे.

तू तिगावला जा. मशीन पाहतो म्हणून हातात घे अन् त्या भोकात पिन टोच. एकदाचं सगळं जाऊ दे. त्यांना सांग की मशीन बिघडलं, आता काही दिसत नाही, भोपाळला जाऊन फायदा नाही. बस. त्यांच्या मनात पोरगा खरा राहील अन् आपणही सुटू.

यापेक्षा दुसरं मला सुचत नाही. देवा, मी काय लिहून राहिले!

ताई


पांढुर्णा
८ सप्टेंबर १९८८

ताई,

तू सांगितलं तसं केलं. पण तसं झालं नाही.

त्यांनी मशीन देवघरात ठेवलं होतं, कुंकू लावून. काकू चहा ठेवायला आत गेल्या, भैय्याजी पाणी आणायला उठले, तेवढ्यात मी पिन टोचली. ते आले अन् खूश होऊन म्हणाले, "थांब, मी दाबून दाखवतो." दाबलं. काहीच आलं नाही. नुसती एक बारीक रेघ लुकलुकत राहिली. त्यांनी पुन्हा दाबलं. मग काकूंना हाक मारली, म्हणाले, "तू दाबून पाय, माह्यं चुकत असन." काकूंनीही दाबलं.

मी बिघडलं म्हणणार होतो. पण त्यांनी माझ्या हातातली पिन पाहिली. म्हणाले, "तू काय केलं?" मी म्हणालो, खरं साफ असं करतात काका. ते म्हणाले, "मंग आधी जे येत होतं ते काय होतं?"

ताई, माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हणालो, "ते त्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं. दाखवायला."

ते खाली बसले. म्हणाले, "मतलब माह्या घरात बसून मलेच खोटं दाखवलं? त्याच्या मायलेबी?" मी मान हलवली. काकू आत निघून गेल्या अन् पुन्हा बाहेर आल्या नाहीत. चहा तसाच राहिला.

निघताना त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं अन् म्हणाले, "तू सांगतलं हे बरं केलं. नाही तर मी भोपाळात शोभा करून घेतली असती."

मुकुंदा


सौंसर
२७ नोव्हेंबर १९८८

मुकुंदा,

माझ्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाही. हे तिसरं. हे वाचल्यावर तुला उत्तर द्यावंच लागेल.

तू त्या मेलेल्या पोराच्या नावावर ते टाकशील असं मला वाटलं नव्हतं. गप्प राहायला मी सांगितलं, हे माझं पाप. पण बापाच्या तोंडावर त्याचा मुलगा खोटारडा होता म्हणून सांगायला मी सांगितलं नव्हतं रे!

काल भैय्याजी आमच्याकडे आले. पोतडीभर संत्री घेऊन, बगीच्यातली पहिली तोड. ओट्यावर चपला काढल्या अन् यांच्यापुढे हात जोडले. म्हणाले, "गुरुजी, माह्या पोरानं तुमाले फसवलं. तुमची नोकरी जाता जाता वाचली. बापाच्या जागी मी माफी मागतो." अन् हे उठले, त्यांचे हात धरले, अन् म्हणाले, "जाऊ द्या, लेकरू होतं. मी माफ केलं." यांनी माफ केलं, मुकुंदा! यांनी!

मी दारात उभी होते. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, यांच्यासमोर. पत्र मी लिहिलं, सूत्रं तू लिहिली, बटण तू शिकवलं, गुणवंताला काही माहीत नव्हतं, त्यानं तुझं नाव घेतलं नाही, पिन टोचायला मी सांगितलं. रडत रडत सांगितलं. वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देईल, मारेल. द्याव्यात.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं हाय. माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून तुमी सोताच्या भावावर घेऊन राहिल्या. पण मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. अन् मुकुंदा सोताच्या दोस्ताबद्दल खोटं काहून बोलन?"

मी शपथा घेतल्या. मशीन दाखवा म्हणायला गेले, तर त्यात आता काय आहे दाखवायला? तुझी पत्रं तुझ्याच सांगण्यावरून जाळली. एक पोस्टकार्डही राहिलं नाही. ते ऐकून घेत होते अन् मान हलवत होते, जसं आजारी माणसाचं ऐकतात तसं. जाताना म्हणाले की गुणवंताचा फोटो प्रेमलतानं भिंतीवरून काढून पेटीत ठेवला आहे, तिला तो पाहवत नाही.

हे अजून माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी शाळेत गेले ते उपाशीच. मला त्याचं काही नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

आता एकच माणूस आहे ज्याचं ते ऐकतील, तो म्हणजे तू. तू जाऊन त्यांच्यासमोर म्हटलं पाहिजे की मी खोटं बोललो. दुसऱ्या कोणाच्या म्हणण्यानं तो फोटो भिंतीवर जाणार नाही. तू ये, मी तुझ्याबरोबर तिगावला चालते. मी हात धरून उभी राहीन, पण बोलायचं तुलाच आहे.

वाट पाहून राहिले.

ताई


जबलपूर
१९ जानेवारी १९८९

ती. ताई,

तुझं पत्र पांढुर्ण्याहून फिरून फिरून इथे आलं, म्हणून उत्तराला उशीर. मी धरणाच्या कामावर सुपरवायझर म्हणून लागलो आहे. घाईघाईत निघालो, भेटायला यायला जमलं नाही. सुट्टी इतक्यात मिळत नाही, होळीला पाहू. थंडी फार आहे पण खोली चांगली आहे, मेसमध्ये पोळ्या जाड असतात. साहेब खूश आहेत. इथे मशीन फार कामी येऊन राहिलं. भाऊजींना नमस्कार सांग, आईकडे लक्ष ठेव. भैय्याजी भेटले तर त्यांना म्हणावं, गुणवंताची फार आठवण येते.

मुकुंद